लिपी चोरीला गेली त्याची हकिकत

ऐका हो ऐका. मंडपात बसलेल्या, मंडपाबाहेर पान खात उभ्या असलेल्या आणि जेवणाच्या रांगेत आधीच नंबर लावून ठेवलेल्या समस्त मान्यवरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, एका साध्या सकाळी, चहा निवायच्या आत, मराठी भाषेची लिपी चोरीला गेली. चोरी एकाच घरी झाली. शेजाऱ्यांची लिपी जागच्या जागी होती, जालना रोडवरच्या पाट्या टांगलेल्या होत्या, वर्तमानपत्रं वेळेवर छापून आली होती. सिडकोतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, वेताच्या खुर्चीत, बनियनवर बसलेल्या एका माणसाच्या डोळ्यांदेखत मात्र ती गेली. तो माणूस मी.

माझा धंदा माइकचा. लग्न, साखरपुडा, निवृत्तीचा सत्कार, दुकानाचं उद्घाटन, कुठंही जा, माइक माझ्या हातात. आलेल्या पाहुण्यांची नावं घ्यायची, नावापुढं दोन विशेषणं लावायची, एखादा चुटका सोडायचा आणि मुहूर्ताला झालेला उशीर लोकांच्या लक्षात येऊ द्यायचा नाही. नावं घेणं हे माझं पोट आहे. म्हणून या हकिकतीत मी एकाही माणसाचं नाव घेणार नाही. फुकटात नाव घ्यायची मला सवय नाही.

तर त्या सकाळी मी पेपर उघडला आणि पहिला विचार आला की पेपरवाल्यानं चुकून तेलुगू पेपर टाकला. दिसत सगळं स्वच्छ होतं. काळी शाई, पांढरा कागद, वर एक आडवी रेघ आणि तिच्याखाली लोंबणारे आकार. गच्चीवरच्या दोरीला कपडे वाळत घातलेले असावेत तसं. हा सदरा, ती चड्डी, हा पायमोजा. पण कुणाचे कपडे, ते काही कळेना.

"अगं, हा कुठला पेपर टाकलाय आज?" मी आत ओरडलो. "आंध्रातला दिसतोय."

बायको पोळी लाटता लाटता पिठाच्या हातानं बाहेर आली, पेपरकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आपलाच आहे. सकाळी सकाळी सोंगं नका काढू."

"मला तेलुगू दिसतंय."

"मग तेलुगूत वाचा," असं म्हणून ती आत गेली.

तिची चूक नव्हती. आदल्याच आठवड्यात डाळीत मीठ जास्त पडलं म्हणून मी ताटासमोर आडवा होऊन शेवटचे शब्द म्हणून दाखवले होते. त्याच्या आधी गॅस सिलिंडर वेळेवर आला म्हणून त्याला हार घातला होता. असा माणूस अक्षरं गेली म्हणून ओरडला तर कोण दार उघडणार?

चष्मा पुसला. डोळे मिटून उघडले. पान उलटलं. आकारच आकार. आणि मग जे वाटलं, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. विहिरीत वाकून बघताना काठ सुटावा तसं.

मी कान लावला. खालून भाजीवाली ओरडत चालली होती, "मेथी, शेपू, करडईची भाजी". शब्द सरळ आत आले, जागेवर जाऊन बसले. शेपू म्हणताच शेपूचा वाससुद्धा आला. आत बायको फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती, "काही नाही गं, ह्यांचं नेहमीचंच." तेही स्वच्छ कळलं. म्हणजे कानाचं दार उघडं होतं. मग मी पेन घेतला आणि पेपरच्या कडेला एक वाक्य लिहिलं. हात अडखळला नाही. काना, मात्रा, वेलांटी, सगळं हातानं आपल्या आपण केलं. जिवात जीव आला. मग मी त्या वाक्याकडं बघितलं.

शाई अजून ओली होती. मीच लिहिलं होतं. आणि ते वाक्य मला ओळख दाखवत नव्हतं. चौकात जुना मित्र समोरून यावा, आपण हात वर करावा आणि त्यानं कोऱ्या डोळ्यांनी पुढं निघून जावं, असं.

मी आत गेलो आणि पेपर बायकोपुढं धरला. "इथं काय लिहिलंय?"

तिनं वाचलं, "'मला वाचता येत नाही.'" मग पुन्हा वाचलं, या वेळी मनात. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. तवा जळत होता. तिनं गॅस बंद केला, हात न धुताच पर्स उचलली आणि म्हणाली, "चप्पल घाला."

रिक्षा मिळाली. रिक्षावाला बोलका होता. दवाखान्यांच्या गर्दीत शिरल्यावर त्यानं आरशातून मला विचारलं, "साब, इधर तो चार-पाच दवाखाने हैं. वो बड़े बोर्ड पे क्या लिखेला है, देखो ना."

मी पाटीकडं बघितलं. मोठी, निळी, दिवसाढवळ्या लखलखीत. शेवटी बायकोनंच पुढं वाकून वाचून दाखवलं.

वाचणं हे आपण करतो असं मला वाटायचं. त्या रिक्षात कळलं की ते आपल्याला होत असतं. आयुष्यभर मी जालना रोडनं गेलो, टायरचं दुकान, चष्म्याचं दुकान, दातांचा दवाखाना, यातली एकही पाटी कधी वाचायची म्हणून वाचली नाही. पण त्या सगळ्या माझ्या कानाशी कुजबुजत असायच्या. त्या दिवशी सगळ्या गप्प झाल्या. आपल्या शहरात निम्म्या दुकानांवर मराठीच्या शेजारी उर्दू असतं. ते मला कधीच येत नव्हतं, नुसती नक्षी म्हणून बघायचो. आता दोन्ही नक्षीच. रंगावरून बँक ओळखली, तळणाच्या वासावरून भज्यांचं हॉटेल ओळखलं. एवढ्या ओळखीच्या रस्त्यावरून कुणीतरी मला परक्या मुलखात घेऊन चाललं होतं.

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि भिंतीवरच्या उजेडात लावले. मागच्या बाजूला, डावीकडं, बोटाच्या पेराएवढा डाग. रक्ताची गुठळी.

"डोळे ठीक आहेत," डॉक्टर म्हणाले. "हात ठीक आहे. जीभ..." इथं त्यांनी बायकोकडं बघितलं, कारण मी अर्धा तास त्यांना बोलू दिलं नव्हतं. "जीभ उत्तमच आहे. ऐकलेला शब्द एका वाटेनं येतो, बघितलेला दुसऱ्या वाटेनं. पुढं दोघं एकाच घरी पोचतात. तुमची दुसरी वाट खचलीय. घर शाबूत आहे."

"वाट दुरुस्त होईल?"

"थोडी होईल. सगळी होईल असं मी म्हणणार नाही." त्यांनी एक बोट माझ्यासमोर धरून उजवीकडं नेलं. बोट अर्ध्यात नाहीसं झालं. "आणि उजवीकडचं तुम्हाला दिसत नाही. तिकडं लक्ष ठेवा."

बाहेर पडताना उजव्या खांद्यानं मी त्यांच्या दाराच्या चौकटीला जोरात धडक दिली. बायकोला वाटलं सोंग. मग तिला आठवलं, आणि तिनं माझा दंड धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

आता खरी भीती सांगतो. मरणाची नव्हती. माझे वडील चिकलठाण्याच्या कारखान्यात होते. पाळी संपली की घरी येऊन, पाय धुऊन, गल्लीच्या तोंडाशी बसून ते मोठ्यानं पेपर वाचायचे आणि गल्ली ऐकायची. आमच्या घरात देवघर नाही, पुस्तकांचं कपाट आहे. बुद्धवंदना आणि बाबासाहेबांची तसबीर त्याच कपाटाच्या डोक्यावर. माझी आजी अंगठा उठवायची. तिथपासून त्या कपाटापर्यंत यायला आमच्या माणसांना केवढं चालावं लागलं, हे मला लहानपणी रोज ऐकवलं जायचं. आणि आता मी त्या कपाटासमोर उभा राहायचो आणि पुस्तकांच्या पाठी माझ्याकडं पाठ करून उभ्या असायच्या. वर धंद्याची गोष्ट. ज्याला पाहुण्यांच्या नावांची चिठ्ठी वाचता येत नाही त्याला माइक कोण देईल? एका मंडपात कळलं की आठ दिवसांत पैठण गेटपासून फर्दापूरपर्यंत सगळ्या जिल्ह्याला कळणार. म्हणून मी बायकोला शपथ घातली. लोकांना सांगायचं, किरकोळ झटका होता, आता ठणठणीत आहेत.

"कितीक दिवस लपवाल?" ती म्हणाली.

"परत येईपर्यंत."

"आणि नाही आलं तर?"

मी गाणं म्हणायला लागलो. ती उठून गेली.

दवाखान्यातच एक तरुण बाई आठवड्यातून दोनदा मला अक्षरं शिकवायच्या. त्यांची युक्ती अशी की, अक्षराकडं नुसतं बघत बसायचं नाही, बोटानं गिरवायचं. डोळ्याला जे कळत नाही ते बोटाला आठवतं. मी 'क' असलेल्या कागदावर बोट फिरवलं, गाठ मारली, शेपूट ओढलं आणि एकदम आत कुणीतरी म्हणालं, क! रडायला आलं. मग 'म'. मग 'ळ'. तीन अक्षरं जोडून कमळ व्हायला मला एवढा वेळ लागला की खरं कमळ उगवून कोमेजलं असतं. पूर्वी शब्द दिसला की माणसाचा चेहरा दिसल्यासारखा कळायचा, नाक किती, कान किती हे कुणी मोजत नाही. आता मी प्रत्येक शब्दाचं नाक आणि कान मोजत होतो, आणि कानापर्यंत येईतो नाक विसरत होतो. पण अंगठा खिशात ठेवून मांडीवर गिरवायला मी शिकलो. पँटच्या खिशात काय चाललंय, ते कुणाला दिसतं?

अशातच फुलंब्रीहून दाजींचा फोन आला. भाचीचं लग्न.

"मामासाहेब, माइक तुमच्याच हातात पायजे बरं का," दाजी म्हणाले. "सख्खा मामा असून परका माणूस आणला तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

"आणा की हारतुरे, हजर आहे!" मी गरजलो. फोन ठेवला आणि बायकोला हाक मारली.

बायकोनं शेवटी डाव आखून दिला. ती माझ्या डाव्या हाताला उभी राहणार. चिठ्ठ्या तिच्या हातात येणार. ती पदराआडून माझ्या कानात वाचणार, मी माइकवर उडवणार. कान तर शाबूत होता.

फुलंब्रीच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच मंगल कार्यालय. भर दुपार, कूलरची घरघर, पांढऱ्या कपड्यातली आमची माणसं आणि गावातली पागोटी-टोपीवाली शेतकरी मंडळी एकाच मंडपात. नवरदेवाकडची मंडळी अजून रस्त्यात होती आणि बौद्धाचार्य घड्याळ बघत बसले होते. म्हणजे वेळ मलाच काढायची होती. आपल्याकडं हा रिवाज तुम्हाला माहीतच आहे. माइकवरून नाव घेतल्याशिवाय माणूस लग्नाला आला असं धरत नाहीत. म्हणून मंडपातून चिठ्ठ्या निघतात. पत्रिकेच्या मागं, बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर, जे हाताला लागेल त्यावर नाव लिहितात आणि ती चिठ्ठी डोक्यांवरून हातोहात स्टेजपर्यंत येते.

पहिला काही वेळ काय सांगू, बहार होती. बायको कुजबुजली की मी फुटलो. सोसायटीचे चेअरमन, दूध डेअरीचे संचालक, जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी, एकेक नाव मी हारासारखं लोकांच्या गळ्यात घातलं. लोक हसत होते. मला वाटलं, जिंकलो.

आणि तेवढ्यात बहिणीच्या जावा आल्या. "मामी, चला आत. मानाची साडी घ्यायला तुम्हीच नाहीत व्हय?" बायको नाही-नाही म्हणत होती, माझ्याकडं बघत होती. पण मामीनं मान नाकारला तर त्याचंही कारण सांगावं लागतं. त्यांनी तिला हाताला धरून नेलं.

मी एकटा राहिलो. आणि चिठ्ठी आली.

मी ती उघडली आणि माइकच्याच हातात बोटांत धरली. खिशात अंगठा फिरवायला सुरुवात केली. छापलेलं अक्षर वेगळं आणि मांडीवर कागद ठेवून घाईत लिहिलेलं वेगळं. रेघ नाही, काना कुठला, वेलांटी कुठली, सगळी पेंढी. अंगठा घसरत होता. पहिलं अक्षर लागतंय असं वाटेपर्यंत स्पीकरमधून एक आवाज यायला लागला, मोठा, घोगरा. कोण एवढ्या धापा टाकतंय म्हणून मी बघितलं. तो मीच होतो. माइक तोंडाशी होता.

"फुलंब्री तालुक्यातले तमाम मान्यवर," मी दणकून म्हणालो, "यांचं वधूपक्षातर्फे सहर्ष स्वागत!" टाळ्या. दुसरी चिठ्ठी. "पंचक्रोशीतून आलेले सर्व ज्येष्ठ," टाळ्या जरा विरळ. तिसरी. चुटका सांगितला. अजून एक चिठ्ठी. पायाशी चिठ्ठ्या पडायला लागल्या. समोरचे चेहरे मला दिसत होते, म्हणजे डावीकडचे, आणि त्या चेहऱ्यांवर आता हसू नव्हतं. दाजी स्टेजच्या पायऱ्यांशी येऊन उभे राहिले. त्यांचा रंग उडाला होता आणि ते माझ्या उजवीकडं बघत होते. माझं उजवं म्हणजे भिंत.

त्या भिंतीतून आवाज आला, "उठा रं. आपलं काय काम हितं? आपल्याला वळखत नाय कुणी."

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. गावचे माजी सरपंच. अर्धं गाव त्यांच्या मागं उठतं आणि त्यांच्या मागं बसतं. मी मान पूर्ण वळवली तेव्हा दिसलं की ते पहिल्या रांगेत, माझ्या उजव्या हाताला, केव्हापासून बसले होते. आता उभे होते. त्यांच्या मागं रांगच्या रांग उठत होती. ही माणसं न जेवता गेली असती तर बहिणीला त्या गावात मान वर करून चालता आलं नसतं.

मी घाईघाईनं त्यांचं नाव घेतलं, पदवीसकट, विशेषणांसकट.

"ऱ्हाऊ द्या आता," ते मंडपाच्या तोंडाशी जाऊन वळले. "तासभर तुमच्या डोळ्यांम्होरं बसलो. चिठ्ठ्या हातात घेऊन फेकून दिल्या तुम्ही. सगळ्यांनी बघितलं. मुद्दाम केलं."

पायाशी पडलेल्या चिठ्ठ्यांकडं सगळा मंडप बघत होता. दाजींनी हात जोडले होते. आणि मला कळलं की आता बोटानं, कानानं, चुटक्यानं काही होणार नाही.

"मुद्दाम नाही," मी माइकवर म्हणालो. "मला त्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत."

मंडप खो खो हसला. "मामा, लई भारी!" मागून कुणीतरी ओरडलं. इतकी वर्षं मी या माणसांना माझ्यावर हसायला शिकवलं होतं, आणि ती चांगली शिकली होती. मी एक चिठ्ठी उचलून उघडी धरली, म्हणजे बघा, या आकारांकडं बघा.

"मामा, उलटी धरली!" समोरची एक बाई म्हणाली, आणि हसण्याची दुसरी लाट आली.

दाजी हसत नव्हते. आतून परत आलेली बायको दारात थबकली होती, हातात घडीची साडी. मी माइक खाली ठेवला. गळ्यातून निघाला तेवढ्याच आवाजात म्हणालो, "दवाखान्यात होतो ना, तेव्हापासून. ऐकलेलं कळतं. बोलता येतं, लिहिता येतं. वाचायचं गेलं. उजवीकडचं दिसत पण नाही, दादा, म्हणून तुम्ही समोर असून दिसला नाहीत. लपवलं मी. भीती वाटली."

हसणं कडेकडेनं विझत गेलं. कुणीतरी पोराला गप्प केलं. माजी सरपंच एक पाय मंडपाबाहेर, एक आत, असे उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या पायाशी पडलेल्या चिठ्ठ्यांकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. मग हात हळूच सदऱ्याच्या खिशाला गेला, आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आरं तिच्या मायला! मग आधी सांगायचं नाय व्हय? मघापासून माझं नाव मीच लिहून लिहून पाठवतोय, पेन संपला की माझा!"